‘द व्हील ऑफ टाइम’ वाचायला घेण्याआधी

‘द व्हील ऑफ टाइम’ ही इंग्रजी फँटसी कादंबऱ्यांची मालिका वाचू का, असं कुणालाही विचारलं तरी उत्तर टोकाचं मिळतं. कुणी सांगतं, इतकं भरलेलं जग दुसऱ्या कुठल्या कादंबरीत पाहिलं नाही. कुणी आठव्या भागात सोडलेली असते ती कायमची. आणखी कुणाचं म्हणणं असतं की पहिले सहा भाग जबरदस्त, शेवटचे चार जबरदस्त, मधलं काही विचारू नका. नव्या वाचकाचा गोंधळ उडतो, कारण ही सगळी माणसं मनापासून बोलत असतात आणि खरंच बोलत असतात. त्यामुळे पुस्तक उघडायच्याही आधी या मतांचं काय करायचं हे ठरवावं लागतं. मला वाटतं, मतं टाळू नयेत. पण बोलणारा कुठल्या भागापर्यंत पोचला होता आणि कोणत्या वर्षी वाचत होता, हे आधी विचारावं. बरीचशी भांडणं तिथेच सुटतात, आणि आपण कसं वाचायचं तेही ठरवता येतं.

आधी आकार बघा

रॉबर्ट जॉर्डनची ही मालिका चौदा भागांची आहे, शिवाय एक पूर्वकथा. पहिला भाग ‘द आय ऑफ द वर्ल्ड’ जानेवारी १९९० मध्ये आला आणि शेवटचा ‘अ मेमरी ऑफ लाइट’ जानेवारी २०१३ मध्ये. सगळे मिळून साधारण ४४ लाख शब्द. मिनिटाला २५० शब्दांच्या वेगाने रोज तासभर वाचलं तर जवळजवळ दहा महिने जातात. इंग्रजी सावकाश वाचत असाल तर वर्ष-सव्वा वर्ष धरा. ऑडिओबुक ऐकायचं असेल तर केट रीडिंग आणि मायकल क्रेमर यांच्या आवाजातली आवृत्ती साडेचारशे तासांच्या वर जाते.

हा हिशेब डोक्यात ठेवा आणि फक्त पहिले दोन भाग मिळवा. चौदा भागांचा संच आधीच घेऊन ठेवला की वाचन हे देणं होऊन बसतं.

मत ऐकताना काय विचारायचं

पहिला प्रश्न, कधी वाचलीत? हा सगळ्यांत महत्त्वाचा. पहिले सहा भाग १९९० ते १९९४ या पाच वर्षांत आले. वाचकांना दरवर्षी नवं पुस्तक मिळायची सवय लागली. मग वेग मंदावला. सातवा १९९६, आठवा १९९८, नववा २०००, दहावा २००३. म्हणजे प्रत्येक भागासाठी दोन-दोन वर्षांची वाट. आणि नेमक्या याच काळात कथाही पसरट झाली.

दहाव्या भागाचं, ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’चं, उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. नवव्या भागाच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते. ती काय हे सांगत नाही, पण पुस्तक मिटल्यावर पुढचं आत्ता हवं असं वाटायला लावणारी ती आहे. दोन वर्षांहून जास्त वाट पाहून वाचकाने दहावा भाग उघडला, तर तिथे त्याच दिवशी दुसरीकडे असलेली माणसं त्याला भेटतात. दूर कुठेतरी अफाट शक्ती वापरली जातेय हे त्यांना जाणवतं. ती थांबतात, त्या दिशेला बघतात, हे कोण करतंय म्हणून चर्चा करतात. मग दुसरा तळ, दुसरी माणसं, तीच जाणीव, तीच चर्चा. वाचकाला उत्तर आधीपासून माहीत आहे. २००३ मध्ये हे वाचलेला माणूस आजही चिडून बोलतो आणि त्याचा राग अगदी रास्त आहे. पण तुम्ही नववा भाग रात्री संपवून दहावा सकाळी उघडणार आहात. तेच पुस्तक तुम्हाला संथ वाटेल, फसवणूक वाटणार नाही. २००५ च्या आधीची मतं आणि मालिका पूर्ण झाल्यावर सलग वाचणाऱ्यांची मतं म्हणून वेगवेगळी ठेवा.

दुसरा प्रश्न, कुठे सोडलीत? पहिल्या भागात सोडणाऱ्याची तक्रार आणि नवव्यात सोडणाऱ्याची तक्रार यांचा एकमेकींशी संबंध नसतो. तिसरा प्रश्न, तुम्हाला कादंबरीत काय आवडतं? ज्यांना कथा सरळ पुढे धावलेली आवडते त्यांना ही मालिका जड जाते. ज्यांना दुसऱ्या जगात राहायला आवडतं, तिथल्या राणीच्या दरबारातलं राजकारण, सैन्याला धान्य पुरवण्याची चिंता, एखाद्या जमातीचे मानपान यांतही रस वाटतो, ते तिच्या प्रेमात पडतात. आपण यांतले कोण हे प्रामाणिकपणे ठरवलंत की निम्मं काम झालं.

सुरुवात: पूर्वप्रसंग आणि पहिली शंभर पानं

पहिल्या भागाच्या आरंभी एक छोटा पूर्वप्रसंग आहे. उद्ध्वस्त राजवाड्यातून एक माणूस बायकोला हाका मारत फिरतोय, आणि आजूबाजूला पडलेली प्रेतं त्याला दिसतच नाहीत. इथे ओळीओळीला अनोळखी नावं येतात. ती लक्षात ठेवू नका. त्या माणसाचं दुःख तेवढं लक्षात ठेवा आणि पुढे चला. हे कळायला हजारो पानं लागणार आहेत आणि लेखकाला ते माहीत आहे.

नंतर एकदम शांत गाव. वाऱ्याने झोडपलेल्या रस्त्यावरून बाप-लेक गाडी घेऊन गावाकडे निघालेत. मुलगा, रँड, मागे वळून बघतो तर काळ्या झग्यातला एक घोडेस्वार उभा. वारा इतका सोसाट्याचा, पण त्याचा झगा हलत नाही. जॉर्डन काय ताकदीचा लेखक आहे हे मला त्या न हलणाऱ्या झग्यात दिसतं. भीतीचं एकही विशेषण न वापरता तो अंगावर काटा आणतो.

इथेच बऱ्याच वाचकांची पहिली कुरकुर सुरू होते की हे तर ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किनसारखं आहे. आहे, आणि ते मुद्दाम आहे. ओळखीच्या दारातून वाचकाला आत घ्यायचं असं जॉर्डनने ठरवूनच केलं होतं. साधं गाव, बाहेरून आलेली गूढ व्यक्ती, पाठलाग, पळापळ. पण ती बाहेरून आलेली व्यक्ती इथे एक स्त्री आहे, म्वारेन. या जगात जादूची सत्ता स्त्रियांच्या हाती आहे, कारण पुरुषांच्या वाट्याची शक्ती विटाळलेली आहे आणि ती वापरणारा प्रत्येक पुरुष शेवटी वेडा होतो. आणि जगाला वाचवणारा म्हणून भाकीत झालेला माणूस पुरुषच आहे. सगळ्या मालिकेचा ताण या एका गाठीत आहे. ती समजली की टॉल्किनशी असलेलं साम्य मागे पडतं.

निर्णय कधी घ्यायचा? पहिल्या भागावर घेऊ नका. दुसरा भाग, ‘द ग्रेट हंट’, पूर्ण वाचा. तिथे मालिका स्वतःच्या पायावर उभी राहते. तो संपल्यावर तिसरा उचलावासा वाटला नाही तर खुशाल थांबा. पुढे चांगलं होईल या आशेवर आणखी हजार पानं ओढायचं काही कारण नाही.

नावांचं काय करायचं

नावं असलेली पात्रं दोन हजारांहून जास्त आहेत. सगळी लक्षात ठेवायची नसतात. रँड, मॅट, पेरिन, एग्वेन, नायनीव्ह, म्वारेन, आणि थोड्या वेळाने एलेन. एवढी सात घट्ट धरा, बाकीची येत-जात राहतील. प्रत्येक भागाच्या शेवटी शब्दसूची आहे आणि तिच्यात उच्चारही दिलेले आहेत. उच्चारांसाठी ती पहिल्याच दिवशी बघा, पण नोंदी पुस्तक संपल्यावर वाचा, कारण काही नोंदी त्याच भागातल्या गोष्टी फोडतात.

इंटरनेटवर पात्राचं नाव शोधू नका. कोण मेलं, कुणाचं कुणाशी लग्न झालं, हे शोध पूर्ण टाइप करण्याआधीच समोर येतं. या मालिकेत भाकितं, स्वप्नं, शकुन इतके पेरलेले आहेत आणि त्यांतले काही आठ-दहा भागांनंतर उगवतात, की त्यांची उकल दुसऱ्याकडून कळली तर वाचण्यातला मोठा आनंद जातो. विसरायला होत असेल तर स्वतःची वही ठेवा. प्रत्येक भाग संपल्यावर कोण कुठे आहे आणि कुणाला काय माहीत आहे एवढंच लिहायचं. इथे गैरसमज हेच कथेचं इंधन आहे, त्यामुळे कुणाला काय माहीत आहे ही नोंद विशेष उपयोगी पडते.

चौथा भाग

‘द शॅडो रायझिंग’ हा शब्दसंख्येने चौदांतला सर्वांत मोठा भाग. मालिकेवर जीव असलेल्यांना एक भाग निवडायला सांगितला तर पुष्कळ जण हाच सांगतात, मीही. त्यातली रुइडिअन या वाळवंटातल्या शहराची दोन प्रकरणं, पंचविसावं आणि सव्विसावं, निवांत वेळ काढून वाचा.

तिथे रँड काचेच्या खांबांमधून चालत जातो. प्रत्येक पावलाला तो एका पूर्वजाच्या आयुष्यात शिरतो, आणि इतिहास उलटा उलगडतो: आधी नातू, मग आजा, मग त्याचा आजा. वाळवंटातली आयील जमात तलवारीला हात लावत नाही हे आपल्याला आधीपासून माहीत असतं. वाचताना ती लढवय्यांची एक रीत वाटते. मग खांबांमधून मागे-मागे जाताना त्या रीतीचा उगम दिसतो, त्याच्या आधीचा प्रसंग दिसतो, त्याच्याही आधीचा. पिढ्यान्‌पिढ्या निष्ठेने पाळलेल्या गोष्टीच्या मुळाशी काय होतं हे कळतं तेव्हा पुस्तक क्षणभर खाली ठेवावं लागतं. इतकी पानं खर्च करून उभं केलेलं जग कशासाठी होतं, याचं उत्तर मला तरी इथे मिळालं. ही दोन प्रकरणं वाचून तुम्ही हलला नाहीत, तर बाकीच्या दहा भागांसाठी जिवाचा आटापिटा करू नका.

संथ पट्टा ओलांडताना

सात ते दहा, किंवा काहींच्या मते आठ ते दहा, हे भाग रखडलेले म्हणून ओळखले जातात. ते रखडलेले आहेत. यावर चाहत्यांनी सारवासारव करू नये असं मला मनापासून वाटतं. नव्या वाचकाला आधी सांगितलं तर तो तयारीने जातो.

कारण समजून घेतलं तर सोसणं सोपं होतं. सहाव्या भागापर्यंत मुख्य माणसं वेगवेगळ्या देशांत पांगतात आणि प्रत्येकाभोवती स्वतंत्र कथा तयार होते. एका पुस्तकात सगळ्यांना जागा मिळत नाही. हे सुरुवातीपासूनच होतं म्हणा: तिसऱ्या भागात रँड अगदी थोडा दिसतो, पाचव्यात पेरिन नाहीच, आठव्यात मॅट नाही. पण पुढे एकेका धाग्याची प्रगती पावला-दोन पावलांची होते. पेरिनचा एक शोध आणि एलेनचा सिंहासनासाठीचा झगडा हे दोन धागे त्यात सगळ्यांत लांबतात. तुमचं आवडतं पात्र एखाद्या भागात गायब असेल तर पानं उलटून त्याला शोधत बसू नका.

या पट्ट्यासाठी माझा सल्ला असा. सातव्यापासून मोठी सुट्टी घेऊ नका; तीन महिन्यांनी परत आलात तर कोण कुठल्या तळावर होतं ते आठवणार नाही आणि तिथेच गाडी अडकेल. आठवा भाग चौदांतला सर्वांत छोटा आहे, तो झटपट उरकतो. नववा शेवटासाठी वाचायचाच. दहावा ऑडिओवर ऐका, किंवा एखादं प्रकरण अगदीच पुढे सरकेना तर त्याचा सारांश वाचून पुढे जा. सगळा दहावा भाग मात्र गाळू नका, मॅटची प्रकरणं त्यात सुरेख आहेत आणि पुढच्या भागात त्यांचं फळ मिळतं. अकराव्या भागात, ‘नाइफ ऑफ ड्रीम्स’मध्ये, कथा पुन्हा धावू लागते.

थांबायचंच असेल तर सहाव्याच्या शेवटी थांबा. तिथे एक भयंकर लढाई आहे, जॉर्डनने लिहिलेल्या उत्तम लढायांपैकी एक. तो स्वतः व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टरवर गनर होता, दोनदा तिथे जाऊन आलेला. त्याच्या लढायांमध्ये जिंकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर आनंद क्वचित असतो. शेवट उघडा राहील, पण सहा भागांचं समाधान पदरात पडेल.

लिहिण्याच्या सवयी आणि स्त्री-पुरुष

नायनीव्ह चिडली की वेणी ओढते. बायका झग्याच्या घड्या सारख्या करतात, छातीखाली हात बांधतात, नाक मुरडतात. पुरुष एकमेकांबद्दल विचार करतात की बायकांशी कसं बोलायचं ते त्यालाच कळतं, मला नाही. पहिल्या तीन भागांत गंमत वाटते, आठव्यात दात-ओठ खावेसे वाटतात. हे बदलत नाही. कपड्यांची, भरतकामाची, खोल्यांची वर्णनं भराभर वाचून टाकली तर काही बिघडत नाही.

स्त्री-पुरुष संबंधांवरून मात्र मतं खरोखर फाटतात, आणि इथे कोणतीही बाजू खोडून काढण्यासारखी नाही. इतक्या स्त्रिया, त्याही राज्य चालवणाऱ्या, चुका करणाऱ्या, हट्टी, धोरणी, शूर, १९९० च्या सुमाराच्या फँटसीत फारशा नव्हत्या. त्याच वेळी बायका अशाच आणि पुरुष तसेच हे पालुपद सतत चालू असतं, आणि एका नायकावर तीन स्त्रियांनी प्रेम करायचं हेही आहे. सातव्या भागात एका मुख्य पुरुष पात्रावर बळजबरी होते आणि लेखक ती विनोदाच्या अंगाने सांगतो. अनेक वाचकांना ते असह्य झालंय, मलाही खटकतं. हे माहीत असून आत जावं म्हणून इथे सांगितलं.

लेखक बदलतो तेव्हा

जॉर्डन १६ सप्टेंबर २००७ रोजी गेला. अकरा भाग झाले होते, शेवटच्या भागासाठी त्याने काही प्रसंग लिहून आणि बरंच काही टिपणांत, ध्वनिमुद्रणांत सांगून ठेवलं होतं. त्याची पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल यांनी ब्रँडन सँडरसनची निवड केली. हा मुलगा विशीत यायच्या आधीपासून ही मालिका वाचत होता. एक भाग ठरलेला होता, साहित्य इतकं निघालं की तीन झाले: २००९, २०१० आणि २०१३.

फरक जाणवतो. वाक्यं छोटी होतात, प्रकरणं वेगाने बदलतात, वर्णन कमी. संथ पट्ट्याने थकलेल्याला हायसं वाटतं. जॉर्डनच्या गद्यावर प्रेम असलेल्याला काहीतरी हरवल्यासारखं होतं, विशेषतः बाराव्या भागातला मॅट अनेकांना परका वाटतो. त्याचे विनोद फार मोठ्याने केल्यासारखे येतात. माझं मत सँडरसनच्या बाजूचं आहे. रँडच्या मनाची जी वाट बाराव्या भागात दाखवली आहे ती मालिकेतल्या सगळ्यांत धाडसी लिखाणापैकी आहे. बारावा सुरू करताना पहिली शंभर पानं कानाला नवा आवाज ऐकायची सवय होऊ द्या.

पूर्वकथा आणि टीव्ही

पूर्वकथा ‘न्यू स्प्रिंग’ २००४ ची, दहाव्या आणि अकराव्याच्या मधली. कथेच्या काळाने ती पहिली असली तरी आधी वाचू नका. म्वारेनला काय माहीत आहे हे पहिल्या भागातलं कोडं आहे आणि पूर्वकथा ते सोडवून टाकते. पाचव्यानंतर कधीही चालेल. दहाव्यानंतर वाचली तर थकलेल्या मनाला छान विसावा मिळतो, कारण ती छोटी आणि आटोपशीर आहे.

टीव्हीवरची सिरीज नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली आणि तीन सीझननंतर २०२५ मध्ये थांबवली गेली. वाचनाची तयारी म्हणून ती बघू नका. पुस्तकात सुरुवातीला लग्न न झालेल्या पेरिनला तिथे पहिल्याच भागात बायको आहे, आणि असे बदल पुढे वाढत जातात. चौथं पुस्तक वाचून झालं की तिसरा सीझन अवश्य बघा, रुइडिअन त्यात आहे.

शेवटचा भाग वाचताना

‘अ मेमरी ऑफ लाइट’मधलं सदतिसावं प्रकरण दोनेकशे पानांचं आहे. एकच प्रकरण. तिथे पोचाल त्या रात्री सुरू करू नका, सुट्टीच्या दिवशी सकाळी घ्या. आधी वहीतून एकदा नजर फिरवा की कुठलं सैन्य कुणाच्या हाताखाली आहे, कारण जॉर्डनने वीस-पंचवीस वर्षांत जमवलेली जवळजवळ सगळी माणसं त्यात उतरतात आणि ओळख करून द्यायला कुणी थांबत नाही. पुस्तकाचा अगदी शेवट जॉर्डनने मृत्यूपूर्वी स्वतः लिहून ठेवलेला आहे. त्यात काही प्रश्न मुद्दाम अनुत्तरित आहेत, त्यांची उत्तरं लगेच शोधायला जाऊ नका. पात्रं, ठिकाणं, जुनी भाषा यांचा ‘द व्हील ऑफ टाइम कंपॅनियन’ हा कोश २०१५ मध्ये निघाला. तो संपूर्ण मालिका वाचलेल्यांसाठी आहे, तोही त्यानंतरच हातात घ्या.